वाडीची सभा आणि आपण बायका

(मंडळाच्या वर्धापनदिन-समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला एखाद्या विद्वान वक्त्याला बोलवावे, त्याने स्त्रीशिक्षणावर चार शब्द सांगावेत, मग हळदीकुंकू आणि अल्पोपाहार, असा आपल्याकडचा परिपाठ आहे. यंदा चालकांनी ती वाट सोडून माझ्यासारख्या वाड्यावस्त्यांवर हिंडणाऱ्या बाईला येथे उभे केले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. विद्वत्ता माझ्याजवळ नाही. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांतील कातकरी व ठाकूर वाड्यांवर गेली काही वर्षे माझे जाणेयेणे आहे. तेथे आलेले कागद मी वाचून दाखवते, अर्ज लिहून देते. त्या जाण्यायेण्यात जे डोळ्यांना दिसले आणि कायद्याच्या पुस्तकात जे वाचले, त्यांचा मेळ घालून आज थोडे बोलणार आहे. विषय ग्रामस्वराज्याचा आहे. शब्द भारदस्त आहे खरा, पण घाबरू नका. त्याला मी वाडीच्या अंगणात आणून बसवणार आहे.

पावसाच्या तोंडाशी आपण पेणच्या किंवा रोह्याच्या बाजारात जातो. शेवळे, काकडे, टाकळा, भारंगी, कंटोळी यांचे वाटे मांडून रस्त्याच्या कडेला ज्या बायका बसलेल्या असतात, त्यांच्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करतो आणि घरी येऊन भाजीचे कौतुक करतो. ती भाजी कोणत्या रानातली, त्या रानात जाताना तिला कोणी हटकले होते काय, हे विचारायचे आपल्या मनात येत नाही. दिवाळी झाली की याच बायका बाजारातून दिसेनाशा होतात. नवऱ्याबरोबर, पोराबाळांसह त्या वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर गेलेल्या असतात. आपण ज्या घरांत राहतो त्या घरांच्या भिंतींना त्यांच्या हातची वीट आहे. तेव्हा त्यांचा आपला संबंध काय, असे कोणी विचारू नये. संबंध आहेच, तो फक्त आपल्या बाजूने कधी बोलला गेला नाही.

आता थोडे मागे जाऊ. आपला जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जाई. या कुलाब्याने स्वातंत्र्याच्या लढ्यात पुष्कळ दिले. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेरला अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि माणसे पडली. त्या हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी हे नाव आहे. रान आमचे आहे, एवढेच त्या दिवशी लोकांना म्हणायचे होते. पुढे १९३३ साली अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध संप केला आणि तो १९३९ पर्यंत चालवला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा कायदा होऊन खोती गेली. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरून कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक होण्याची वाट मोकळी झाली.

ही वाट मोकळी झाली ती कोणाला? ज्याचे नाव सरकारी दप्तरात कूळ म्हणून लागले होते त्याला. कातकऱ्याचे नाव त्या रकान्यात क्वचितच सापडे. तो दुसऱ्याच्या शेतात राबणारा, दुसऱ्याच्या जागेत झोपडी बांधून राहणारा. खैरापासून कात पाडण्याचा त्याचा पिढीजात धंदा. त्यावरून तर त्याला नाव पडले. जंगल सरकारजमा झाले आणि तो धंदा बसला. डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवण्यासाठी इंग्रजी अमदानीत काही कुटुंबांना जंगलातले तुकडे कसायला मिळत. त्यांना आपल्याकडे दळी म्हणतात. तीन-तीन पिढ्या दळी कसूनही तिच्यावर मालकी नाही, अशी घरे मी पाहिली आहेत. चिरनेरला ज्याच्या नावाने आपण फुले वाहतो, त्याच्या जातभाईला राहत्या झोपडीखालची जमीन स्वतःची म्हणता येत नव्हती. हे बोलायला बरे वाटत नाही, पण वर्धापनदिनाला फक्त बरे वाटणारेच बोलावे असा काही नियम नाही.

कायदे झाले नाहीत असे नाही. आपल्या राज्याचा ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ सालचा. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. राज्यघटनेची त्र्याहत्तरावी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. बायकांना पंचायतींत एक-तृतीयांश जागा राखून ठेवल्या गेल्या. २०११ पासून महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. १९९६ च्या डिसेंबरात आदिवासी भागांसाठी आणखी एक कायदा झाला. लोक त्याला ‘पेसा’ म्हणतात. त्याने आदिवासी गावाच्या सभेला रानातली गौण उपज, पाणवठे, बाजार, दारूची दुकाने, सावकारी अशा कितीतरी बाबतींत बोलण्याचा अधिकार दिला.

पण भगिनींनो, येथे एक मेख आहे. पेसा लागू होतो तो घटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रांना. महाराष्ट्रात पालघर, ठाणे, नाशिकपासून गडचिरोलीपर्यंत असे १३ जिल्ह्यांतले भाग आहेत. त्या यादीत रायगड नाही. पेण गावात आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, भोवतालच्या डोंगरांत वाड्याच वाड्या आहेत, तरीही पेसा येथे चालत नाही. एखादा कार्यकर्ता पालघरहून शिकून येतो आणि येथे पेसाचे भाषण करतो. वाडीतली माणसे माना डोलावतात, आणि पुढे सरकारी टेबलावर त्यांना सांगितले जाते की हे तुमच्यासाठी नाही. माणसाचा अधिकारावरचा विश्वास अशा वेळी उडतो. म्हणून आपल्या दोन तालुक्यांत काय लागू आहे ते नेमके सांगणे फार गरजेचे आहे.

आपल्याला लागू आहे तो २००६ चा वनहक्क कायदा. तो अनुसूचित क्षेत्राची अट घालत नाही. त्याच्या आरंभीच असे मान्य केले आहे की जंगलात राहणाऱ्या लोकांवर इतिहासात अन्याय झाला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आदिवासी कुटुंब जी वनजमीन कसत आले आहे, तिच्यावर चार हेक्टरांच्या मर्यादेत हक्क मागता येतो. त्याशिवाय साऱ्या गावाला मिळून सामूहिक हक्क मागता येतात : गौण वनोपज गोळा करून विकण्याचा, गुरे चारण्याचा, तळ्यातल्या मासळीचा, आणि आपल्या परिसरातले जंगल राखण्याचा व त्याची व्यवस्था पाहण्याचा. म्हणजे आपल्या बाजारातल्या शेवळ्यांना, कंटोळ्यांनासुद्धा कायद्यात जागा आहे.

आणि हे हक्क ठरवण्याची सुरुवात कोणी करायची? तहसीलदाराने नव्हे, वनखात्याने नव्हे; ग्रामसभेने. तिने आपल्यातून १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडायची, दावे घ्यायचे, जागेवर जाऊन पाहायचे, ठराव करायचा. मग तो ठराव उपविभागीय समितीकडे आणि तेथून जिल्हा समितीकडे जातो. दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत त्या जमिनीवरून कोणालाही हुसकावता येत नाही.

आता ‘ग्रामसभा’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? मोठ्या गावातले पंचायतीचे कार्यालय, खुर्च्या, सरपंच, ग्रामसेवक. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तीन-चार गावे आणि पाच-सहा वाड्या मिळून एक गट ग्रामपंचायत असते. तिची सभा मोठ्या गावात भरते. वाडीवरून तेथे यायचे म्हणजे डोंगर उतरून तासभर चालायचे, दिवसाची मजुरी बुडवायची आणि मागे उभे राहायचे. शिवाय सभांच्या तारखा पाहा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे सभेचे चार ठरीव दिवस आपल्या अंगवळणी पडले आहेत. त्यांपैकी २६ जानेवारीला आणि १ मेला कातकरी वाडी ओस असते. माणसे भट्टीवर असतात. चारांतले दोन दिवस असे गेले. उरलेल्या दोनांत १५ ऑगस्टला लावणीचा शेवट आणि नदीनाल्यांना पूर. मग सभेत वाडीचा विषय निघत नाही, आणि लोक म्हणतात, आदिवासींना गावकारभारात रसच नाही!

या अडचणीवर वनहक्काच्या नियमांत २०१२ साली एक चांगली दुरुस्ती झाली. महसुली दप्तरात गाव म्हणून नोंद नसलेल्या वाड्या-पाड्यांची यादी पंचायतीने करावी, त्या वाडीच्या सभेत ठराव होऊन ती यादी उपविभागीय समितीकडे जावी, आणि या कायद्यापुरते त्या वाडीला गाव मानावे. म्हणजे वाडीच्या अंगणात, आंब्याखाली वाडीची स्वतःची सभा भरू शकते. ज्याला मी ग्रामस्वराज्य म्हणते त्याचे पहिले पाऊल हे आहे.

आता मी आपल्या, बायकांच्या, गोष्टीवर येते. त्या नियमांत तीन कलमे अशी आहेत की ती प्रत्येक मंडळाच्या भिंतीवर लिहून ठेवावीत. पहिले : वनहक्क समितीत एक-तृतीयांशापेक्षा कमी बायका चालत नाहीत. दुसरे : सभेला निम्मे सभासद हजर हवेतच, आणि हजर असलेल्यांत निदान एक-तृतीयांश बायका हव्यात, नसतील तर ती सभा पुरी नाही. तिसरे : लग्न झालेल्या माणसाला जमिनीचा हक्क मिळाला तर तो नवरा-बायको दोघांच्या नावे लागतो, आणि एकट्या बाईचे घर असेल तर तिच्या एकटीच्या नावे. ही जमीन वारसाने मुलांना जाते, पण विकता येत नाही. दारूच्या उधारीत नवऱ्याने जमीन देऊन टाकली, असे येथे होऊ शकत नाही. आपल्यापैकी किती जणींचे नाव आपल्या घराच्या उताऱ्यावर आहे, हे घरी जाऊन पाहा, म्हणजे या तिसऱ्या कलमाचे मोल कळेल.

दुसऱ्या कलमाचा प्रताप मी स्वतः पाहिला आहे. रोहा तालुक्यातल्या एका डोंगरवाडीवर पावसाळा संपताना सभा होती. एका घराचा दावा ‘पुरावा अपुरा’ एवढ्या दोन शब्दांवर परत आला होता. तो पुन्हा मांडायचा तर कळल्यापासून साठ दिवसांच्या आत मांडायला हवा, आणि त्यातले चाळीस दिवस कागद ट्रंकेत पडून गेले होते, कारण तो कोणी वाचलाच नव्हता. सभेला एकेचाळीस माणसे जमली. मी बायका मोजल्या, नऊ. मी समितीच्या सचिवाला नियम वाचून दाखवला. तो चांगला मुलगा, दहावीपर्यंत शिकलेला. त्याने सभा थांबवली. एकदोघे पुरुष कुरकुरले, “बायकांना काय कळतंय त्यात?” पण इलाज नव्हता. माणसे उठली, घरोघर गेली आणि हाका घालून बायकांना घेऊन आली. कोणाचे हात पिठाचे, कोणाच्या कडेवर पोर. वीस-एकवीस जणी झाल्या आणि सभा पुन्हा सुरू झाली.

त्यांत एक म्हातारी होती. काठी टेकत मागे येऊन बसली. पुरावा काय काय द्यायचा यावर पुरुषांची चर्चा चालली होती : रेशनकार्ड आहे काय, जुनी दंडाची पावती सापडते काय. म्हातारी मध्येच म्हणाली, “कागुद कशाला धुंडता? मला इचारा ना.” आणि ती सांगू लागली. तो खालचा बांध तिच्या सासऱ्याने घातला. ती लग्न होऊन आली तेव्हा कडेचा आंबा तिच्या कमरेइतका होता. आंब्याच्या पलीकडे दोन दगड आहेत, त्यांच्याखाली तिची दोन लेकरे पुरली आहेत. सगळी सभा गप्प झाली.

भगिनींनो, कायद्याच्या दृष्टीने हा पक्का पुरावा आहे! नियमांत लिहिले आहे की दावेदाराखेरीज दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचे सांगणे लिहून घेतले तर तो पुरावा धरावा. बांध, विहीर, झाडे, दफनाची जागा, देवस्थान, ही सर्व पुराव्यात मोजली जातात. ते म्हातारीला ठाऊक नव्हते आणि पुरुषांनाही नव्हते. दुसऱ्या दिवशी समितीची माणसे जागेवर गेली, बांध मोजला, आंबा पाहिला, दगड पाहिले. म्हातारीचा जबाब लिहून तिला वाचून दाखवला आणि तिचा अंगठा घेतला. साठ दिवस भरायच्या आत कागद गेला. मागितली होती त्यापेक्षा जमीन थोडी कमी मिळाली, पण मिळाली. पट्ट्यावर म्हातारीचा पुतण्या आणि त्याची बायको, दोघांची नावे आहेत. एक-तृतीयांशाचा नियम नसता, तर म्हातारी चुलीपुढे बसली असती आणि तिची आठवण तिच्याबरोबर गेली असती.

म्हणून माझे सांगणे इतकेच आहे की वाडीचे स्वराज्य सभेत बसल्याने मिळते, आणि बायका बसल्यावाचून ती सभा पुरी होत नाही. ही केवळ शोभेची संख्या नाही. कोणत्या ओढ्याला कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असते, कोणता कंद कोणत्या कड्याखाली येतो, सरपणाची वाट कोणी अडवली, हे रोज रानात जाणारीला ठाऊक असते. तिला वगळून गावाने जंगलाचा ठराव करणे म्हणजे सुगरणीला बाहेर ठेवून स्वयंपाकाचा बेत करण्यासारखे आहे.

काही शंका मला नेहमी ऐकाव्या लागतात. त्यांना उत्तर देऊन पुढे जाते.

पहिली शंका अशी की अडाणी माणसांच्या हाती जंगल दिले तर ते राहील काय? गडचिरोली जिल्ह्यात मेंढा (लेखा) नावाचे गोंडांचे छोटे गाव आहे. तेथील सभा सर्वांच्या संमतीने निर्णय घेते, बहुमताने नाही. २००९ साली त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार गावाच्या हाती आला. गावाने बांबू तोडला तो नियम लावून, आणि पैसा आला तो गावाच्या खात्यात. जंगल उभे आहे. जे आपले, ते माणूस राखतो. दुसऱ्याचे असले की चोरून नेतो. आपल्या घरात तरी याहून निराळे काय असते?

दुसरी शंका अशी की छोट्या वाडीच्या ठरावाला मोठ्यांपुढे विचारतो कोण? ओडिशात नियमगिरी नावाचा डोंगर आहे. तेथे बॉक्साइटची खाण निघायची होती. डोंगरिया कोंध हे तेथील आदिवासी त्या डोंगराला देव मानतात. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की याचा विचार तेथील ग्रामसभांपुढे व्हावा. त्याच पावसाळ्यात १२ पाड्यांच्या सभा झाल्या. पाडे लहान, काही तर मूठभर घरांचे. बाराही सभांनी ‘नाही’ म्हटले आणि खाण थांबली. फार लांब कशाला जायचे? आपल्या पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी, विशेष आर्थिक क्षेत्राला जमीन द्यायची की नाही यावर सरकारला शेतकऱ्यांचा कौल घ्यावा लागला होता. विचारल्याशिवाय घ्यायचे नाही, ही रीत या मातीला नवी नाही. शेतकऱ्याला लागू झाली ती कातकऱ्यालाही लागू व्हावी, एवढेच मागणे आहे.

तिसरी शंका आपल्यासारख्या सुखवस्तू बायकांची असते : एवढी घाई कशाला, हळूहळू होईल सगळे. तर ऐका. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा एक आदेश आला, की ज्यांचे दावे फेटाळले गेले आहेत त्यांना जंगलातून बाहेर काढावे. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली आणि फेटाळलेले दावे पुन्हा तपासायचे ठरले. पण ते पंधरा दिवस ज्या वाडीने काढले तिला विचारा. ‘पुरावा अपुरा’ या दोन शब्दांमागे अख्खे घर असते. दुसरी गोष्ट १९ जुलै २०२३ च्या रात्रीची. खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. ठाकरांची वाडी, जायला गाडीरस्ता नाही. मदतीला धावलेली माणसे चिखलातून पायी चढली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे ढिगाऱ्याखालीच राहिली. डोंगर कोसळणे सभेच्या ठरावाने थांबते असे मी म्हणत नाही. पण याच वनहक्क कायद्यात रस्ता, शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पाण्याची सोय अशा १३ कामांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपर्यंत वनजमीन देण्याची तरतूद आहे, आणि तिला ग्रामसभेची शिफारस लागते. ज्या वाडीची सभाच भरत नाही, तिची शिफारस कोण करणार?

आता आपल्या मंडळाने काय करावे, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. त्याआधी पेण तालुक्यातल्याच एका माणसाची आठवण करून देते. विनोबा भावे गागोद्याचे. ११ सप्टेंबर १८९५ ला तेथे जन्मले. भूदानासाठी त्यांनी देश पायी तुडवला आणि ग्रामदानाची, सर्वसंमतीच्या कारभाराची कल्पना गावोगाव नेली. मेंढ्याच्या सभेत जी सर्वसंमती चालते तिच्या मुळाशी विनोबांचाच विचार आहे, म्हणजे पेणचे बी गडचिरोलीत रुजले. त्यांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, गीता समजून घ्यायची होती, पण संस्कृत अडे. तिला कळेल अशी गीता मराठीत यावी ही तिची इच्छा विनोबांनी ती गेल्यावर काही वर्षांनी ‘गीताई’ लिहून पुरी केली. मला या गोष्टीचे फार मोल वाटते. मोठा विचार घरातल्या बाईला कळेल अशा बोलीत आणणे, ही या तालुक्याची परंपरा आहे. गीतेच्या बाबतीत जे झाले ते कायद्याच्या बाबतीतही व्हायला हवे.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की मंडळाने दरवर्षी दिवाळीला वाडीवर फराळ आणि जुन्या साड्या नेण्याचा जो क्रम ठेवला आहे, त्याच्या जोडीला एक वाचन सुरू करावे. दोन-दोन जणींनी एकेक वाडी घ्यावी. महिन्यातून एकदा जावे आणि त्या महिन्यात आलेले कागद वाचून दाखवावेत. नियम सोप्या मराठीत सांगावेत. आपली शहरी बोली त्यांना कळत नाही असे वाटले, तर वाडीतल्याच एखाद्या शिकलेल्या मुलीने ते कातोडीत सांगावे. प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी, ती पिशवीत घालून घरातल्या बाईजवळ ठेवावी, आणि उत्तराची मुदत भिंतीवर खडूने लिहावी. ट्रंकेतल्या कागदाने काय होते ते मी सांगितलेच. फराळ चार दिवसांत संपतो. पोच पुष्कळ वर्षे पुरते.

दुसरी विनंती थोडी टोचेल, पण ती जाणूनबुजून करते. या सभागृहात ज्यांच्या घरच्या वीटभट्ट्या आहेत अशा भगिनी आहेत. भट्टीवर हजार विटांचा दर जोडीला ठरतो, काम नवरा-बायको दोघे करतात, आणि उचल लिहिली जाते ती नवऱ्याच्या नावावर. तिचे नाव वहीत कोठेच नसते. आपल्या घरच्या वहीत तिचे नाव लिहायला सांगा, हिशेब तिलाही वाचून दाखवायला सांगा. २६ जानेवारीला आणि १ मेला ज्याला गावच्या सभेला जायचे असेल त्याला जाऊ द्या, आणि त्याची मजुरी कापू नका. उचलीपायी माणूस अडकवून ठेवणे हा १९७६ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्याचा धाक मला येथे घालायचा नाही. घरातल्या बाईने मनावर घेतले तर जे होते, ते पोलिसाने होत नाही. ज्यांच्या घरी वाडीतल्या बायका धुणीभांडी करतात, त्यांनीही सभेच्या दिवशी रजा द्यावी आणि खाडा धरू नये.

तिसरी विनंती सर्वांत अवघड आहे. सभेत गेलात तर मागे बसा. आपल्याला बोलायची सवय असते, त्यांना नसते. दोन क्षण शांतता झाली की आपल्याला राहवत नाही आणि आपणच बोलून मोकळ्या होतो. ती शांतता तशीच राहू द्या. कोणी म्हातारी काठी टेकत उठेल आणि बोलेल. पंचायतीच्या प्रत्येक ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यावी, अशी आपल्या राज्याच्या कायद्यात तरतूद आहे. ती बहुतेक ठिकाणी कागदावरच उरकली जाते. ती खरोखर भरते की नाही, एवढे पाहा. ठराव मात्र त्यांचे त्यांनाच करू द्या. राखीव जागेवर निवडून आलेली आदिवासी सरपंचबाई नवऱ्याच्या सांगण्यावरून सही करते म्हणून आपण हसतो. तिच्या जागी आपण आपले सांगणे ठेवले, तर तिच्यावरचा धनी बदलला एवढेच होईल.

नाग्या कातकरी ज्या डोंगरावर पडला, तो डोंगर काही फार दूर नाही. त्यानंतर त्याच्या माणसांच्या बाजूने एक कायदा व्हायला शहात्तर वर्षे लागली. कायदा झाला, नियम झाले, आणि त्या नियमांत बायकांची संख्या कोणीतरी विचारपूर्वक लिहून ठेवली. आता ती संख्या भरायची आहे. वाडीतल्या बायका ती भरतील. त्यांना सभेच्या वाटेवर उभे राहून कोणी अडवू नये आणि त्यांच्या हातचा कागद कोणी वाचून दाखवावा, एवढे आपल्याकडून व्हावे.

चालक भगिनींना शेवटी एकच सुचवते. पुढच्या वर्धापनदिनाला या जागी वाडीतल्या एखाद्या समितीच्या सभासद बाईला बोलवा. तिला भाषण येणार नाही. तिच्या सभेत काय ठरले तेवढे ती सांगेल. मी त्या दिवशी आपल्याबरोबर खाली सतरंजीवर बसून ऐकेन.